कुंपणावरचा मामा

माझ्या मामाच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर, दाराशेजारच्या भिंतीवर रंगाचे दोन चौकोन आहेत. एक निळा, एक हिरवा. दुकानाला बाहेरून रंग द्यायचं ठरलं तेव्हा रंगाऱ्यानं ते नमुना म्हणून मारले आणि विचारलं, "साहेब, कोणता पसंत?" मामा म्हणाला, "बघू." रंगारी दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला आणि मग यायचा थांबला. पुढे त्याचा मुलगा रंगारी झाला, तोही एकदा विचारून गेला. चौकोन अजून तिथंच आहेत. उन्हानं ते इतके विटलेत की आता त्यातला निळा कोणता आणि हिरवा कोणता हे फक्त मामाच सांगू शकेल, आणि मामा काही सांगत नाही.

हा माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात चष्मा पुसायचं मऊ फडकं आणि चेहऱ्यावर कायम दुसऱ्याचं ऐकून घेतल्याचा भाव. आमच्या घरात आई-बाबांचं कशावरून वाजलं की दोघंही मामाला फोन करतात. मामा दोघांचं शांतपणे ऐकतो, दोघांनाही "तुझंही बरोबर आहे" म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर दोघंही विजयी मुद्रेनं घरभर फिरतात. एकदा त्याला हॉटेलात जेवायला नेलं. वेटर वही-पेन घेऊन उभा राहिला, मामानं मेनूकार्ड पुढून-मागून वाचलं आणि त्यालाच विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतंत?" वेटर बिचारा आपल्या घरच्या जेवणाबद्दल बोलत बसला आणि आम्ही उपाशी.

लग्नाचंही तसंच झालं. तरुणपणी त्याला दोन मुली आवडायच्या आणि त्या दोघींनाही तो. हो-नाही करता करता दोघींनी आपापली लग्नं उरकून टाकली. आता त्या आपल्या नातवंडांचे डोळे तपासून घ्यायला मामाकडेच येतात आणि जाताना न चुकता विचारतात, "काय हो, ठरलं का?" मामा हसतो. त्याला राग येत नाही. रागवायचं की नाही, हेही त्याचं ठरत नसावं.

आणि गंमत बघा, या माणसाचा धंदा काय, तर दिवसभर दुसऱ्यांना निवड करायला लावणं! दुकानाच्या आतल्या भागात पडद्यामागे एक उंच फिरती खुर्ची आहे. गिऱ्हाईकाला तिच्यावर बसवायचं, त्याच्या नाकावर जड गोल ट्रायल फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कुणी "दोन्ही सारखंच" म्हणालं तर मामाला अजिबात चालत नाही. "सारखं नसतं. नीट बघा," असं तो जरा कडकच म्हणतो. आणि समोरच्यानं छातीठोकपणे "पहिलं" असं सांगितलं तरी तो विचारणारच, "परत एकदा दाखवू?" आमच्या घरात लहान मुलंसुद्धा दोन पेरू पुढे धरून त्याची नक्कल करतात.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, तिथं बाकं लहान मुलांच्या मापाची आहेत आणि विद्यार्थी मात्र चाळिशीच्या पुढचे. गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून सगळे तिरके बसतात. माझा स्वभाव तापट आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी तक्रार करत नाही.

एके दिवशी आम्ही वाक्प्रचार घेतले होते. मी फळ्यावर एक कुंपण काढलं, त्यावर पाय सोडून बसलेला एक काडीचा माणूस काढला, आणि म्हणाले, "सिटिंग ऑन द फेन्स. कुंपणावर बसणं."

पहिल्या बाकावरचा बेकरीवाला हुशार आहे, पण ते त्याला माहीत आहे, ही अडचण. तो म्हणाला, "म्हणजे आपलं तळ्यात-मळ्यात."

"नाही," मी म्हणाले. "तळ्यात-मळ्यातवाला निदान उड्या तरी मारतो. आज इकडे, उद्या तिकडे. हा उडीच मारत नाही."

"मग दोन डगरींवर पाय."

"तेही नाही. त्याला दोन्हीकडचं हवं असतं. कुंपणावरच्याला काही नको असतं. त्याला फक्त, 'तू इकडचा की तिकडचा?' असं कुणी विचारू नये, एवढंच हवं असतं."

वर्ग अजून साशंक होता. उदाहरण दिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हा माझा अनुभव. आणि घरात असं चालतंबोलतं उदाहरण असताना मी बाहेर कशाला शोधू? मी मामाचे रंगाचे चौकोन सांगितले, हॉटेलातला वेटर सांगितला, दोन मुली सांगितल्या. वर्ग हसून हसून बेजार झाला. बेकरीवाल्यानं तर बाकावर हात आपटले, कारण त्याची बेकरी मामाच्या दुकानाला लागूनच आहे आणि ते चौकोन तो रोज बघतो.

फक्त एक व्यक्ती हसली नाही. खिडकीजवळच्या बाकावरच्या घड्याळवाल्या मावशी.

त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान मामाच्या बरोब्बर समोर आहे, रस्त्याच्या पलीकडे. दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता हे बंद होणार. मावशींनी नवऱ्याचं भिंग आपल्या डोळ्याला लावलं, त्याचा चिमटा हातात घेतला आणि सकाळी नेहमीच्या वेळेला शटर वर केलं. ते शटर जुनं आहे, गुडघ्याएवढं वर येऊन अडकतं आणि मग कुणीतरी बाहेरून हात लावावा लागतो. तो हात रोज मामा लावतो. मावशी रस्त्यापलीकडून हाक मारतात, "अहो चष्मेवाले!" एका दमात, जणू तो एकच शब्द आहे. मामा फडकं खिशात कोंबून धावतो. मामाला कधी कशासाठी धावताना पाहायचं असेल तर सकाळी तिथं उभं राहावं.

मी लहानपणापासून त्यांना मावशी म्हणते. यावर आईचा आक्षेप आहे. "अगं, मावशी म्हणजे त्याची बहीण झाली की ती! तू अशी नाती जोडत बसलीस तर त्याचं घोडं कसं पुढे सरकायचं? सरळ मामी म्हणून टाक एकदा." पण मामी कसं म्हणणार? ज्यानं म्हणायला लावायचं, तो कुंपणावर.

तर मावशींनी त्या दिवशी हात वर केला. "बाई, हे कुणालाही म्हणता येतं का? जो गप्प बसतो त्या प्रत्येकाला?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणाले, "नाही. ज्यानं बोलायला हवं, ज्याचा त्या प्रश्नाशी संबंध आहे, आणि तरी जो बोलत नाही, त्यालाच म्हणायचं. ज्याचा प्रश्नच नाही तो गप्प बसला तर तो नुसता शहाणा."

"आणि तो खाली उतरला, तर त्याला काय म्हणायचं?"

"कम ऑफ द फेन्स. ही केम ऑफ द फेन्स. पण हे वापरायची वेळ क्वचित येते," असं मी म्हणाले आणि वर्ग परत हसला. मावशी मात्र ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोकत होत्या.

वर्ग सुटल्यावर त्या जिन्यात माझ्यासाठी थांबल्या. तिथं मला सगळं कळलं.

त्यांचा मुलगा लांबच्या शहरात असतो. सून तिकडचीच, नातवंडं इंग्रजीत बोलतात, म्हणून तर मावशी या वयात माझ्या तिरक्या बाकावर बसायला आल्या होत्या. मुलानं आता त्यांच्यासाठी घरात वेगळी खोली तयार केली होती. येत्या रविवारी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता, कायमचं. "चांगला आहे हो मुलगा," मावशी म्हणाल्या. "म्हणाला, 'आई, तुला तिथंच राहायचं असेल तर राहा. पण मला एक कारण सांग. एकटी का राहणार, ते सांग.' आता काय सांगू? घड्याळांसाठी राहते म्हणू? घड्याळं काय, तिकडेही आहेत."

"मग मामाला विचारा की!" मी म्हणाले.

"विचारलं ना. परवा शटर वर करायला आले तेव्हा सरळ विचारलं, 'अहो चष्मेवाले, जाऊ की राहू?' "

"मग?"

"म्हणाले, 'तुम्हाला काय वाटतं?' "

मी जिन्याच्या कठड्यावर कपाळ टेकलं.

"मी उगाच नाही विचारलं हं," मावशी पुढे म्हणाल्या. "त्यांच्या मनात काही नसतं तर मी विचारलंच नसतं. पण दर आठवड्याला ते आपलं मनगटी घड्याळ घेऊन येतात. 'मागे पडतंय, जरा बघा.' मी उघडून बघते तर घड्याळ ठणठणीत! स्वतःच काटे मागे फिरवून आणतात, बाई. मी पण पंधरा मिनिटं उगाच भिंग लावून बसते. तेवढा वेळ ते समोरच्या स्टुलावर बसतात, चहा पितात, आणि काही बोलत नाहीत." त्या पायरीवर टेकल्या. "एक माणूस कुंपणावर बसला ना, की दुसऱ्याला खाली उभं राहावं लागतं, हे तुम्ही वर्गात सांगितलं नाहीत. माझे पाय आता दुखायला लागलेत."

हे ऐकून मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी आधी चिडते. शनिवारी दुपारी मी तशीच तणतणत मामाच्या दुकानात गेले. तो एका चष्म्याची काडी बसवत होता. मी पर्स काउंटरवर आपटली.

"मामा, उद्या त्या जाणार आहेत."

"माहितेय मला."

"मग तू काहीतरी बोल ना! राहा म्हण. किंवा जा म्हण. काहीही म्हण, पण तोंड उघड!"

मामानं स्क्रू पूर्ण बसवला, काडी उघडून-मिटून पाहिली आणि मगच मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, बारीक कामानं झाले असतील. नंतर वाटलं, स्क्रूनं एवढे लाल होत नाहीत.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक आजोबा आले. फार सभ्य, मऊ बोलणारे. मी भिंगं घालून बघत होतो. दुसरं भिंग घातलं आणि मला घाई होती म्हणून मीच म्हणालो, 'हे स्वच्छ दिसतंय ना?' ते म्हणाले, 'हो हो, छान.' झालं. चष्मा करून दिला. वर्षभर त्यांनी तो वापरला. डोकं दुखायचं, जिन्याची पायरी चुकायची, पेपर वाचणं तर सोडूनच दिलं. आणि माझ्याकडे एका शब्दानं तक्रार नाही! का, तर या पोराला वाईट वाटेल. शेवटी त्यांच्या मुलीनं येऊन मला चांगलं झापलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. माझा शब्द आधी गेला की समोरच्याला तेच दिसायला लागतं. मग ते खरं दिसतंय की माझ्यासाठी दिसतंय, हे त्यालाही कळत नाही."

"पण मामा, त्या काय चष्मा करायला आल्यात का?"

"तेच तर. मी राहा म्हणालो तर त्या राहतील गं. माझ्या शब्दाखातर राहतील. आणि मग नातवंडांच्या आठवणीनं वर्षभर त्यांचं डोकं दुखेल आणि मला सांगणारही नाहीत. त्यांचं आयुष्य, त्यांचा निर्णय. माझा प्रश्नच नाही तो." मग तो किंचित हसला. "आणि ज्याचा प्रश्नच नाही तो कुंपणावर नसतो, तो शहाणा असतो. तूच शिकवलंस म्हणे. काल घड्याळ दाखवायला गेलो तेव्हा त्याच म्हणाल्या."

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर! उत्तर सुचलं नाही की मी जागा बदलते. पर्स उचलली आणि तरातरा रस्ता ओलांडून मावशींच्या दुकानात शिरले.

मावशी डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर सगळी घड्याळं एका सुरात टिकटिकत होती. एका कोपऱ्यात बांधलेलं सामान होतं, वर एक घडी केलेली शाल. ते सामान बघून माझा आवाज खाली आला. मी त्यांना आजोबांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. चिमटा खाली ठेवला, डोळ्यावरचं भिंग काढलं.

"म्हणजे एवढी वर्षं हे मला काय दिसतं ते विचारतायत," त्या हळू म्हणाल्या. "आणि मी विचारतेय ते त्यांना काय दिसतं!" मग एकदम उठल्या, हात फडक्याला पुसले. "चला."

"कुठं?"

"नंबर काढायला."

आम्ही दोघी मामाच्या दुकानात गेलो. मावशींनी आतला पडदा सर्रकन बाजूला सारला आणि म्हणाल्या, "अहो चष्मेवाले, इकडे या."

मामा लगबगीनं उठला. "नंबर बघायचाय का? आज? बसा ना खुर्चीवर."

"मी नाही. तुम्ही बसा."

"मी?"

"बसा म्हणते ना."

मामा आपल्याच खुर्चीवर बसला. इतकी वर्षं त्यानं त्या खुर्चीवर सगळ्या गावाला बसवलं, पण स्वतः बसलेला मी पाहिला नव्हता. पाय कुठं ठेवायचे तेसुद्धा त्याला कळेना. मावशींनी ट्रायल फ्रेम उचलली, एकही भिंग न घालता त्याच्या नाकावर चढवली, आणि खुर्ची गर्रकन फिरवून त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. मधे कपाटाची काच होती, ती पण सरकवली. आता मामाला समोर सरळ रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडे मावशींचं दुकान.

"उठायचं नाही," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

त्यांनी रस्ता ओलांडला, आपल्या काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. मागे घड्याळं, वर पिवळा दिवा, आणि मधे त्या. पदर नीट केला आणि तिथूनच ओरडल्या, "हे पहिलं!"

बेकरीवाला हातातली परात तशीच धरून बाहेर आला.

मग मावशींनी हात वर करून आतूनच शटर ओढलं. ते धाडकन खाली आलं. दिवा गेला, घड्याळं गेली, मावशी गेल्या. समोर नुसता राखाडी पत्रा उरला. आणि पत्र्यामागून बारीक आवाज आला, "हे दुसरं! कोणतं बरं?"

मामानं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. गोल फ्रेममधून तो त्या पत्र्याकडे बघत राहिला. माझ्या जिभेवर शब्द नाचत होता, अगदी ओठांवर आला होता, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या तोंडात मी शब्द घातला असता तर सगळंच फुकट गेलं असतं.

"दोन्ही..." मामा पुटपुटला.

कसं ऐकू गेलं देव जाणे, पण पत्रा गरजला, "सारखं नसतं! नीट बघा!"

मामा नीट बघायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. उद्याचा दिवस, परवाचा दिवस, सकाळची वेळ आणि समोर हा बंद पत्रा, कुणी हाक मारणारं नाही, मागे फिरवायला घड्याळ आहे पण न्यायला जागा नाही, हे सगळं त्यानं त्या रिकाम्या फ्रेममधून बघितलं असणार. त्यानं फ्रेम नाकावर घट्ट दाबली.

"पहिलं," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं!"

"पहिलं म्हणतायत!" बेकरीवाला ओरडला.

"तुम्ही गप्प बसा हो! ज्यांना विचारलंय त्यांना बोलू दे!"

मग मामा उठला. उठायचं नाही असं बजावलं होतं तरी उठला. फ्रेम नाकावर तशीच, फडकं अर्धं खिशाबाहेर. दुकानाच्या पायऱ्या उतरून तो थेट रस्त्याच्या मधोमध गेला. एका सायकलवाल्यानं कचकन ब्रेक दाबला. मामाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पहिलं!" तो ओरडला. माझ्या मामाला एवढा मोठा आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं. "पहिलंच बरं आहे. कधीपासून बरं आहे ते! मला हे दुसरं बघवत नाही. तुम्हाला तिकडे बरं दिसत असेल तर जा, मी अडवणार नाही. पण मला विचाराल तर पहिलं. राहा. माझ्यासाठी राहा."

सायकलवाला पाय टेकून उभा. बेकरीवाल्याची परात तिरकी झाली होती आणि त्यातून एकेक पाव खाली पडत होता, पण उचलायचं भान कुणाला? माझं तर विचारूच नका. मी भर दुकानात मामाच्या मऊ फडक्यांपैकी एक घेऊन नाक शिंकरत होते.

मग शटरमागून आवाज आला, आधीपेक्षा खूप मऊ.

"परत एकदा दाखवू?"

"नको," मामा म्हणाला. "परत दाखवू नका."

शटर खडखडलं. नेहमीप्रमाणं गुडघ्याएवढं वर आलं आणि अडकलं. खालून मावशींच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्यांनी दोन-तीनदा जोर लावला, पत्रा तसूभर हलेना. एरवी या वेळी काय हाक येते ते सगळ्या रस्त्याला पाठ होतं. बेकरीवाल्याला होतं, मला होतं, मामाला तर होतंच. सगळे त्या हाकेची वाट बघत उभे होते.

"अहो," मावशी आतून म्हणाल्या, आणि थांबल्या. चष्मेवाले हा शब्द काही आला नाही. "अहो, शटर अडकलंय. या ना जरा."

मामा धावला.